हवेतले कण मोजणारं घरगुती यंत्र: ठाण्यात दहा महिने वापरल्यानंतर

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो. समोर मेट्रोचं काम, मागे नवे टॉवर. नातू सहा वर्षांचा, बाळदमा आहे. गेल्या दिवाळीत दोन रात्री त्याला पंप द्यावा लागला, तेव्हा सुनेने हा एअर क्वालिटी मॉनिटर मागवला. ३,८०० रुपये. तळहाताएवढा डबा, पडद्यावर पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण), तापमान आणि आर्द्रता असे तीन आकडे. आत बारीक पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेझरचा प्रकाश पडतो आणि कणांमुळे किती प्रकाश विखुरतो त्यावरून आकडा काढला जातो.

पहिले सहा महिने मी या यंत्रावर खूश होते. मिरचीची फोडणी पडली की अर्ध्या मिनिटात आकडा चढायचा. देवघरातली उदबत्ती गॅलरीत गेली ती यामुळेच. कुठली खिडकी कधी उघडायची हे आम्हाला त्याच्याकडे बघून कळायला लागलं. आपल्याकडे पीएम २.५ साठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. हे दोन आकडे घरात सगळ्यांना पाठ झाले.

जुलैत गोंधळ झाला. चार दिवस सलग पाऊस, हवा धुऊन निघालेली, खिडक्या उघड्या, आणि यंत्र ७१ दाखवतंय. जवळच्या सरकारी केंद्रावर त्याच वेळी २२. सून म्हणाली, "आई, याला आज शाळेत पाठवू की नको?" कंपनीला फोन केला. सेन्सर खराब असेल म्हणून डबा बदलून दिला. नवाही तेच दाखवायला लागला. आर्द्रता किती आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ती ९४ होती.

मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवेना. यंत्राच्या शेजारी बशीत चिक्कीचा तुकडा ठेवला. जानेवारीत हीच चिक्की काचेसारखी कट्कन मोडत होती. आता दुपारपर्यंत कडा ओलसर झाल्या, संध्याकाळी तुकडा वाकला, रात्री बशीला चिकटून बसला. तापमान वाढलं नव्हतं. हवेतलं पाणी शोषून गोळीबंद पाक पुन्हा एकतारीकडे निघाला होता.

हवेतल्या सेंद्रिय कणांचं असंच होतं. झाडांचे वास, गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा यांच्या वाफांपासून हे कण तयार होतात. पूर्वी ते द्रव थेंबच असतात असं धरून चालायचे. २०१० साली अनेले विर्टानेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाईनच्या जंगलातले असे कण पट्टीवर आपटल्यावर चिकटत नाहीत, उसळतात. म्हणजे घन, पण स्फटिक नव्हे, काचेसारखे. पाण्याच्या सुमारे १० चा १५ वा घात पट दाटपणा (वाहायला होणारा विरोध) आला की पदार्थाला काच म्हणतात. दमट हवेत तोच कण मधासारखा आणि आणखी पाणी घेतलं की सरबतासारखा होतो.

कणात क्षार असतील तर तऱ्हा निराळी. मिठाला पाणी सुटतं ते ७५ टक्के आर्द्रतेला, अमोनियम सल्फेटला सुमारे ८० ला, आणि तेही एकदम. परत सुकायला मात्र सल्फेटला हवा ३५ टक्क्यांच्या आसपास उतरावी लागते. आपल्या पावसाळ्यात ती तिथवर उतरतच नाही, त्यामुळे एकदा ओला झालेला कण ओलाच राहतो.

पाणी पिऊन कण फुगतो, जास्त प्रकाश विखुरतो, आणि आमचा डबा त्या पाण्यालाही धूळ समजतो. मोठी यंत्रं हवा आत घेताना तापवून कोरडी करतात. हातातल्या डब्यात ती सोय नाही, आणि या किमतीत मी ती मागतही नाही. पण माहितीपत्रकात एक ओळ हवी होती. ती नसल्यामुळे एका आईने मुलाला दोन दिवस घरी बसवलं.

याची उलट बाजूही सांगते. कोरड्या थंडीत आकडा जास्त भरवशाचा असतो, पण तेव्हाचा कण निरुपद्रवी नसतो. धुरातलं बेंझोपायरिन हे कर्करोगकारक द्रव्य सेंद्रिय पदार्थाच्या घट्ट वेष्टणात अडकून राहतं, त्याचं विघटन करणारा हवेतला ओझोन त्याच्यापर्यंत लवकर पोचत नाही, म्हणून ते दूरवर जातं. २०१७ साली मनीष श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. त्यामुळे जानेवारीच्या रात्री कोणी शेकोटीत प्लास्टिक टाकलं तर मी खाली जाऊन बोलते.

घ्यावं का? लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर जरूर घ्या. पण आर्द्रता दाखवणारंच घ्या. ती ८० च्या वर असेल तर पीएमच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, सरकारी केंद्राचा आकडा बघा. घरातल्या घरात चढ-उतार बघायला मात्र तेव्हाही उपयोग होतो. आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार उघडं राहिलं तरी आकडा उडी मारतो, म्हणून यंत्र त्या भिंतीपासून लांब ठेवा. पंख्याच्या जाळीत दोन महिन्यांत धूळ बसते, ती कोरड्या मऊ ब्रशने काढावी. ओलं फडकं लावू नका.