सलिव्हनचे पाहुणे की मपेट्सचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी ठरलं की रविवारी रात्री जेवणं आटोपली की तासभर जुने व्हरायटी शो पाहायचे. पाहणारे तिघं: मी, सातवीतली माझी मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. चित्रपट नको, मालिका नको; गाणं, नकला, जादू, कसरती असं सगळं एकाच ताटात वाढलेलं हवं होतं. शोधता शोधता दोन नावं उरली: अमेरिकी टीव्हीवरचा एड सलिव्हन या निवेदकाचा 'द एड सलिव्हन शो' आणि जिम हेन्सनच्या कापडी बाहुल्यांचा 'द मपेट शो'. तुम्हीही याच दोघांत अडकला असाल तर सहा-सात महिने दोन्ही पाहून माझं जे मत झालं ते सांगतो. बाकी तपशिलात न शिरता फक्त पाहुण्या कलाकारांबद्दल बोलतो, कारण असे कार्यक्रम आपण पाहतो ते पाहुण्यांसाठीच.

नुसती यादी समोर ठेवली तर सलिव्हनच्या जवळपासही कोणी येत नाही. 1948 ते 1971, सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर दर रविवारी रात्री, तेवीस वर्षं. एल्व्हिस, बीटल्स, सुप्रीम्स, लुई आर्मस्ट्राँग, महालिया जॅक्सन. नोव्हेंबर 1956 मध्ये मारिया कॅलास आली आणि 'तोस्का' ऑपेराच्या दुसऱ्या अंकातला प्रवेश गायली. 1958 मध्ये तेरा वर्षांच्या इट्झाक पर्लमनने इथेच व्हायोलिन वाजवलं. डिसेंबर 1969 मध्ये जॅक्सन भावंडं आली तेव्हा मायकल अकरा वर्षांचा होता. आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत काठ्यांवर ताटल्या फिरवणारे, कुत्र्यांचे खेळ करणारे, एकमेकांच्या खांद्यावर चढणारे. एड सलिव्हन स्वतः गात नव्हता, नाचत नव्हता. मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक, रंगमंचावर उभा राहायचा तोही आखडून. कोणाला बोलवायचं आणि कोणाच्या मागे कोणाला उभं करायचं, ही त्याची विद्या.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट आदराने सांगावीशी वाटते. अमेरिकेत वर्णभेद कायद्याने चालू होता त्या काळात हा माणूस कृष्णवर्णीय कलाकारांना राष्ट्रीय वाहिनीवर, रविवारच्या मुख्य वेळेत बोलवत राहिला. नॅट किंग कोलशी त्याने हस्तांदोलन केलं, पर्ल बेलीच्या गालाचं चुंबन घेतलं, आणि एवढ्यावरून प्रायोजकांच्या बाजूने तक्रारी आल्या. त्याने बोलवणं थांबवलं नाही. बाबांना मी हे सांगितलं तेव्हापासून ते सलिव्हनच्या बाजूचे झाले, आणि आजही आहेत.

पण घरचा मालक म्हणून त्याचा हात पाहुण्याच्या खांद्यावर जरा जड पडायचा. जानेवारी 1957 मध्ये एल्व्हिस तिसऱ्यांदा आला तेव्हा कॅमेरा कमरेच्या खाली उतरलाच नाही. 1963 मध्ये बॉब डिलनला वाहिनीने एक गाणं बदलायला सांगितलं, तर तो न गाताच निघून गेला. 1967 मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडने गाण्याचे शब्द बदलून गायले. त्याच वर्षी डोअर्स या बँडला तसंच सांगितलं गेलं, त्यांनी न बदलता गायले आणि त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. हे प्रसंग त्या काळाचा इतिहास म्हणून मोलाचे आहेत, तरी पाहताना मन थोडं खट्टू होतं.

मी सलिव्हनपासून थोडा लांब गेलो त्याचं कारण मात्र हे नाही. ते फार साधं आहे, आणि कदाचित तुम्हाला ते कारणच वाटणार नाही.

आम्ही सलिव्हन इंटरनेटवर पाहत होतो आणि तिथे जे सहज मिळतं ते बहुतेक तुकड्यांत. एक गायक, एक गाणं, अडीच-तीन मिनिटं, टाळ्या, संपलं. पहिल्या रविवारी एक गाणं संपलं आणि बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "हं, आता पुढे कोण?" पुढे त्याच गायकाचं दुसरं गाणं लागलं, वेगळ्याच वर्षातलं, वेगळ्या कोटातलं. मग तिसरं. बाबांनी पुन्हा विचारलं, "अरे, पण त्याच्यानंतर स्टेजवर कोण आलं होतं?" मी शोधलं. नाव सापडलं, पण तो तुकडा काही सापडला नाही. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी बाबांनी विचारायचं सोडून दिलं, आणि ते मला जास्त लागलं.

गणेशोत्सवात मंडपात बसून ज्यांनी 'व्हरायटी एंटरटेनमेंट' पाहिलं आहे त्यांना बाबांचं म्हणणं कळेल. नकलाकार उतरतो, पडदा पडतो, मागे टेबल सरकवल्याचा आवाज येतो, निवेदक वेळ काढत काहीतरी बोलत राहतो आणि आपण शेजारच्याला विचारतो, आता काय असेल? त्या उत्सुकतेवरच तर अख्खा कार्यक्रम उभा असतो. ती काढून घेतली की उरतात सुटी गाणी, आणि सुटी गाणी ऐकायला आपल्याकडे हजार वाटा आहेत.

हे मी नुसत्या चिडीतून बोलत नाही, कारण सलिव्हनचा एक पूर्ण तास मला पाहायला मिळाला आणि त्यात फरक लख्ख दिसला. बीटल्सचे भाग डीव्हीडीवर अख्खे निघाले होते. एका मित्राकडून तो संच आणला. 9 फेब्रुवारी 1964. सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी पाहिलेला कार्यक्रम. बीटल्स सुरुवातीलाच तीन गाणी म्हणतात, मुलींच्या किंकाळ्यांनी थिएटर भरून जातं, आणि त्यांच्यानंतर येतो फ्रेड काप्स नावाचा डच जादूगार. तो शांतपणे पत्त्यांची हातचलाखी दाखवतो. मग मिठाची एक छोटी बाटली घेतो, बंद मुठीत मीठ ओततो, मूठ उघडून दाखवतो तर रिकामी. दुसऱ्या हाताने चिमूट सोडायला जातो तर मीठ पडायला लागतं. पडतंय, पडतंय. वाद्यवृंद शेवटची सुरावट वाजवतो, आता हा थांबेल म्हणून. मीठ थांबत नाही. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ, वाद्यवृंद पुन्हा शेवट करतो, मीठ अजून पडतंच आहे. माझी मुलगी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. बीटल्सच्या गाण्यांना ती जागची हलली नव्हती.

त्याच तासात 'ऑलिव्हर!' या ब्रॉडवेच्या संगीतिकेतला एक मुलगा गातो, डेव्ही जोन्स. पुढे दोनच वर्षांत तो स्वतः 'मंकीज' या बँडमधला तारा झाला. बीटल्सची आणखी दोन गाणी होतात, आणि त्यांच्याही मागून कसरतपटू येतात. सलिव्हन म्हणजे काय ते मला त्या एका तासात कळलं, आणि त्यामुळे बाकीच्या तुकड्यांचं दुःख दुप्पट झालं. सगळे भाग असे सलग हाती लागत असते तर हा लेख कदाचित उलटा लिहिला असता.

आता मपेट्स. 1976 ते 1981, पाच हंगाम, 120 भाग, चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत, कारण अमेरिकी वाहिन्यांनी जिम हेन्सनला नकार दिला होता. भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा. पाहुणा सहसा एकच, पण तो भागभर मुक्कामाला असतो. दुसऱ्या ते चौथ्या हंगामात सुरुवातीलाच स्कूटर नावाची बाहुली त्याच्या खोलीत डोकावून पडदा उघडायला पंधरा सेकंद उरल्याचं सांगून जातो, आणि तिथून आपण पाहुण्याबरोबरच आत शिरतो. विंगेत काय बिनसलंय, कोण रुसलंय, पुढचा प्रवेश तयार आहे की नाही, सगळं दिसतं. टेबल सरकवल्याचा तो आवाज इथे पडद्यामागे राहत नाही. बाबांचं "आता पुढे कोण?" परत आलं, आणि दर वेळी त्याला उत्तर होतं.

मी हौशी तबलावादक आहे, तेव्हा माझा कल कुठून आला हे लपवत नाही. अभिनेत्री-गायिका रिटा मोरेनोच्या भागात ती 'फीव्हर' हे गाणं म्हणते आणि साथीला ड्रमवर आहे ॲनिमल, तो लाल केसांचा राक्षस. गाणं संथ, मोकळ्या जागा ठेवत जाणारं. आणि प्रत्येक मोकळ्या जागेत हा धडाधड वाजवून जातो. ती थांबते, त्याच्याकडे बघते, पुन्हा सूर लावते. तो पुन्हा तेच. साथीदार जागा भरायला लागला की गायकाचं काय होतं हे ज्यांनी मैफलीत बसून पाहिलंय त्यांना तिच्या नजरेतला प्रत्येक बारकावा कळेल. शेवटी ती त्याचं डोकं दोन झांजांच्या मध्ये घेऊन असा काही शेवट करते की बस्स! या भागासाठी तिला 1977 मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. समोर कापडाची बाहुली, आणि तिने तिला खऱ्या साथीदारासारखं वागवलं म्हणून ते घडलं.

शेवटच्या हंगामात ड्रमर बडी रिच येतो तेव्हा ॲनिमलशी सरळ सामना होतो. आपल्या सवाल-जबाबासारखाच. एक तुकडा याचा, एक त्याचा, लय चढत जाते. ॲनिमलचे हात हलवणारा फ्रँक ऑझ, पण कानावर येणारं वादन रॉनी व्हेरेल या ब्रिटिश ड्रमरचं. म्हणजे बाहुलीच्या आड दोन माणसं आणि समोर जगातल्या अव्वल ड्रमरांपैकी एक. मी तो सामना किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. गायक हॅरी बेलाफॉन्टेचा भाग वेगळ्या कारणाने पाहा. 'टर्न द वर्ल्ड अराउंड' या गाण्यात त्याच्याभोवती आफ्रिकी मुखवट्यांच्या धर्तीवर बनवलेल्या बाहुल्या आहेत. 1990 मध्ये हेन्सन गेला तेव्हा त्याच्या स्मरणसभेत बेलाफॉन्टेने हेच गाणं म्हटलं. आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह! त्या दर्जाचा बॅले नर्तक माणसाएवढ्या डुकरिणीच्या बाहुलीबरोबर गंभीरपणे नाचतो, एक पाऊलही ढिलं न टाकता.

उणिवा आहेतच. हसण्याचा ठोकळेबाज आवाज मधे मधे घुसवला आहे, तो मला शेवटपर्यंत टोचत राहिला. पहिला हंगाम चाचपडणारा आहे. पाहुण्यांपैकी काही त्या काळी ब्रिटन-अमेरिकेत गाजलेले, पण आपल्याला आज नावंही ओळखीची वाटत नाहीत. अशा भागांत बाबांना डुलकी लागली. हक्कांच्या अडचणीमुळे काही गाणीही नंतरच्या आवृत्त्यांतून गळली आहेत. आणि ज्याला कलाकार एकटा, निवांत, मधे कोणी न येता ऐकायचा आहे त्याला या बाहुल्यांची लुडबूड खरंच खटकेल. कॅलास ऐकायची तर सलिव्हनकडेच जायला हवं, त्याला पर्याय नाही.

दोघांची तुलना एकाच माणसावर करून पाहायची असेल तर सेन्योर वेन्सेस पाहा. 1896 मध्ये जन्मलेला स्पॅनिश शब्दभ्रमकार. सलिव्हनकडे तो वर्षानुवर्षं यायचा, आणि मपेट्सकडे आला तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेली. अर्धवटराव आणि आवडाबाई पाहत वाढलेल्या आपल्या पिढीला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, पाच सेकंदांत तो घरचा वाटायला लागतो. मूठ आडवी धरतो. तर्जनी आणि अंगठा जिथे मिळतात तिथे लिपस्टिकने ओठ काढतो, वर डोळे लावतो, केस ठेवतो, खाली छोटंसं अंग जोडतो, आणि मूठ बोलायला लागते. अंगठा हलला की खालचा ओठ हलतो, एवढंच यंत्र. दुसरा एक आहे तो नुसतं डोकं, पेटीत राहणारा; झाकण उघडलं की घोगऱ्या आवाजात एक शब्द बोलतो, झाकण बंद.

सलिव्हनच्या तुकड्यात त्याची कला जास्त धारदार आहे. चपळ हात, जलद बोलणं, एक क्षण वाया नाही. मपेट्सच्या भागात तो थोडा सावकाश आहे, पण तिथे सगळं घरच बाहुल्यांचं, आणि आयुष्यभर हेच केलेला म्हातारा त्यांच्यात बसला आहे. यजमान आणि पाहुणा एकाच धंद्यातले. कार्यक्रमाचा यजमान, कर्मिट नावाचा बेडूक, त्याच्याशी बोलतो तेव्हा ज्येष्ठ कलाकाराशी बोलण्याची अदब जाणवते, निदान मला जाणवली. योगायोग असा की हेन्सनच्या बाहुल्याही सलिव्हनच्याच रंगमंचावरून गेल्या होत्या. 'माह ना माह ना' हे गाणं त्यांनी नोव्हेंबर 1969 मध्ये तिथे केलं आणि पुढे आपल्या कार्यक्रमाच्या पहिल्याच हंगामात पुन्हा.

तर माझा सल्ला, पटला तर घ्या. घरात वेगवेगळ्या वयाची माणसं असतील आणि एकत्र बसायचं असेल तर मपेट्सपासून सुरू करा. पहिला हंगाम क्रमाने पाहण्याचा हट्ट नको, रिटा मोरेनो आधी, मग थेट दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात. एकटे पाहणार असाल, संगीताच्या इतिहासाची ओढ असेल, तर सलिव्हन घ्या, पण त्याचा निदान एक तास पूर्ण मिळवून पाहा आणि मगच तुकड्यांकडे वळा. बाबा अजून म्हणतात की मोठा सलिव्हनच. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण रविवारी जेवणं झाली की रिमोट त्यांच्याच हातात असतो, आणि गेल्या चार रविवारी त्यांनी बेडकाचाच कार्यक्रम लावला आहे.