संतचरित्रांवरील एक श्राव्य व्याख्यानमाला : अभिप्राय

भावना आणि विवेक यांचा झगडा आरंभीच्या ख्रिस्ती संतचरित्रांत कसा रंगवला आहे, हे उलगडणाऱ्या या श्राव्य व्याख्यानमालेत चौथ्या शतकातील संत स्त्री मॅक्रिना हिच्यावरील भाग सर्वांत सरस उतरला आहे. धाकटा भाऊ नौक्रातिउस अकाली गेल्यावर ती स्वतःचा शोक आवरून आईला सावरते. पुढे ३७९ च्या सुमारास तिच्याच मृत्यूनंतर तिचा चरित्रकार भाऊ, निस्साचा ग्रेगरी, मात्र अश्रू रोखू शकत नाही, आणि ही विसंगती वक्त्याने कोणतीही घाई न करता समजावली आहे. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेल्या पर्पेतुआची तान्ह्या बाळासाठीची तगमगही मनाला भिडते. इजिप्तच्या वाळवंटातील वैरागी संत अँटनी याच्यावरील भाग त्यामानाने कोरडा आहे. प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांच्या विकारमुक्तीच्या, म्हणजे मन भावनांच्या आवेगापासून मुक्त ठेवण्याच्या, कल्पनेला मिळालेला ओझरता उल्लेख तर, माझ्या मते, अगदीच अपुरा आहे.