तलावाकाठी धक्का बांधायचाय? खांबांचा, ड्रमांचा की नुसत्या पायऱ्या

भंडारा-गोंदियाकडं मामा तलावाच्या (म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या माजी मालगुजारी तलावाच्या) काठी किंवा गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून शेत आहे अन् डोंगा लावायला, मासळी उतरवायला धक्का पाहिजे असं बरेच जण विचारून राहिले. लाकूड घेऊ की सिमेंट हे नंतर ठरवा भाऊ, आधी मे महिन्यात पाणी कुठवर मागं जाते ते पाहून या. आपल्याकडचे काठ लई सपाट, वीस फुटाला एक फूट उतार असला अन् पाणी सहा फूट खाली गेलं की काठ एकशेवीस फूट दूर जाते, मग तुमचा पक्का धक्का उन्हाळाभर चिखलात उभा.

खांबांचा धक्का दिसायला झकास, वर चार माणसं बिनधास्त चालतात, हलत नाही. पण पाणी वर्षभर फार खालीवर होत नसेल तिथंच तो कामाचा. सागाचा खांब कायम पाण्याखाली राहतो तेवढा टिकते, ओलं-कोरडं होते तिथं सडते, अन् आपल्या तलावात ही ओली-कोरडी रेघ अख्ख्या खांबावरून फिरते. सिमेंटचे घ्याल तर आपली कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया उथळ असला तर खांब कलतेच, म्हणून फुगणाऱ्या थराच्या खाली जावं लागते अन् खर्च तिथंच वाढते.

ड्रमांचा तरंगता धक्का मला आपल्या भागासाठी सगळ्यात पटते. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम पूर्ण बुडाला तर दोनशे किलोच्या आसपास उचलते पण हिशोब अर्ध्याचाच धरा, म्हणजे आठ ड्रमांवर आठशे किलो, त्यातून फ्रेम अन् बांबूच्या फळ्यांचं वजन वजा करा, उरलं ते माणसं अन् मासळीचं. पाण्याबरोबर वर-खाली होते, काठ सरकला की चार जणांनी ढकलून पुढं न्यायचं. ड्रम औषधाचा किंवा केमिकलचा नको, आतलं उरलेलं पाण्यात गेलं तर मासळी मरते. झाकणं घट्ट अन् सील केलेली हवी. लोखंडी ड्रम स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, गंजते. पावसाळ्यात दोर ढिला अन् लांब ठेवा, आखडून बांधला तर पाणी चढल्यावर धक्का एका बाजूनं बुडते. वैनगंगेकाठी तर धोका मोठा, ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते, तसा पूर यायच्या आत धक्का वर ओढून झाडाला बांधायचा हे आधीच ठरवून ठेवा.

दगडी पायऱ्या फक्त खड्या काठाला. तिथं मात्र त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, बायामाणसांना कपडे धुवायला, बैल पाण्यावर न्यायलाही सोय होते. शेवाळ तेवढं घासत राहा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मात्र खांब असो की पायरी, खोदूच नका, मातीची पाळ आहे ते, तिथून पाणी झिरपायला लागलं तर खालच्या सगळ्यांचं धान जाते.

अन् सातबारा तुमच्या नावाचा असला तरी पाण्याची कड बहुतेक ठिकाणी तुमची नसते. धरणाची बुडीत जमीन सरकारनं संपादित केलेली असते, तिथं पाटबंधारेवाल्यांची परवानगी लागते, मामा तलाव असेल तर जिल्हा परिषदेत विचारा, ग्रामपंचायतीलाही सांगा. तलावाचा मासेमारीचा ठेका एखाद्या सोसायटीकडं असेल तर त्यांच्याशीही आधीच बोलून घ्या, काहून की जाळी टाकायची त्यांची जागा अन् तुमचा ड्रम एकाच ठिकाणी आला तर रोजची कटकट. तरंगता हलवता येतो म्हणून परवानगीची गरज नाही असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.