पुष्पकचा लाल उडाला, निळा टिकला: आरपार रंगांचा उन्हाळा-पावसाळ्यातला अनुभव

एप्रिल संपता संपता माझ्या पुष्पक या उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या उजव्या पंखावरची ‘व्हीटी’ची (भारतीय विमानांच्या नोंदणीची) व्हिनाइल अक्षरं बदलायला काढली. स्टिकर निघालं आणि खाली तीच अक्षरं पुन्हा दिसली, गर्द लाल रंगात. भोवतीचा पंख विटक्या नारिंगी-गुलाबीवर आलेला. स्टिकरखाली ऊन पोचलं नव्हतं, तेवढाच लाल शाबूत राहिला होता. पंखाच्या टोकाचा निळा पट्टा त्याच संचातला, त्याच आठवड्यात मारलेला, आणि तो जसाच्या तसा. म्हणून हा अनुभव मुख्यतः लाल रंगाबद्दल आहे. बाकीच्या रंगांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी फारसा त्रास दिला नाही.

मॉडेल विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीच्या पुष्पकचं. खरं पुष्पक 1958 साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कित्येकांनी त्यावर विमान चालवायला शिकलं. वर पंख, आत दोन सीट, अंगावर कापड. कापडी विमानांत रंगाखाली अॅल्युमिनियम पावडर घातलेल्या डोपचा, म्हणजे कापड ताणून बंद करणाऱ्या लॅकरचा, थर देतात, तो केवळ चकाकीसाठी नसतो. ऊन कापडापर्यंत पोचू नये म्हणून तो असतो. आपल्या मॉडेलला तो थर देता येत नाही, कारण सकाळच्या उन्हात रिब आणि स्पार (पंखाच्या आतला सांगाडा) आरपार दिसावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. म्हणजे ऊन अडवणारी गोष्ट आपण स्वतःहून वगळतो आणि सगळा भार रंगावर टाकतो. त्यामुळे आरपार फिनिशमध्ये रंग पक्का असणं हे साध्या रंगकामापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

पहिला संच ऑनलाइन मागवला होता. एअरब्रशसाठी तयार असे ‘क्लिअर’ रंग, बाटलीवर ठळक ‘यूव्ही रेझिस्टंट’, म्हणजे अतिनील किरणांना दाद न देणारे. जपानी तमिया कंपनीचे एक्स-23 निळा, एक्स-27 लाल वगैरे क्लिअर रंग सगळ्यांना माहीत आहेत, पण ती 10 मिलीची बाटली स्थिर मॉडेलच्या कॉकपिटसाठी आणि दिव्यांसाठी ठीक. एवढ्या पंखाला तसल्या किती बाटल्या लागतील याचा हिशेब करून मी मोठ्या बाटल्यांचा संच घेतला आणि त्याला हजाराच्या वर पैसे मोजले. नागपुरातली डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा रंगकामाला उत्तम. पंखावर मढवलेल्या पातळ टिश्यू कागदावर पातळ डोप, त्यावर रंगाचे हलके हात, शेवटी बिनरंगी क्लिअरचा थर. लाल असा उतरला होता की मैदानावर लोक विमान हातात घेऊन सूर्याकडे धरून पाहायचे. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून हाच संच घ्या म्हणालो असतो.

रंग उडाल्यावर विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी विचारणा झाली, वरून क्लिअर मारलं होतं का? होतं. मग उत्तर आलं की वापरलेला माल परत घेत नाही. मी बाटलीवरच्या ‘यूव्ही रेझिस्टंट’वर बोट ठेवलं, तेव्हा कळलं की तो दावा रंगाच्या थराबद्दल आहे, छटेबद्दल नाही. थर तडकणार नाही, सुटणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि खरोखर, थर अजूनही चकचकीत आहे, कुठे सुटलेला नाही. पण रंग घेणारा माणूस रंगासाठी पैसे देतो. छटा टिकणार नसेल तर ते बाटलीवर लिहायला हवं. याचा मला अजूनही राग आहे, आणि पैशांपेक्षा तो पंख सोलून पुन्हा मढवायला गेलेल्या वेळाचा जास्त आहे.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढची खरेदी सोपी होते. आरपार रंग दोन प्रकारे बनतो. एक, डाय: रंगद्रव्य माध्यमात पूर्ण विरघळलेलं, त्याचा एकेक रेणू मोकळा. दुसरा, पिगमेंट: न विरघळणारे अगदी बारीक कण. डाय काचेसारखा स्वच्छ दिसतो, म्हणून मन लगेच त्याच्याकडे जातं. पण मोकळ्या रेणूला उन्हापासून लपायला जागा नसते. पिगमेंटच्या कणात बाहेरचे रेणू मार खातात आणि आतले बराच काळ वाचतात. शिवाय त्यातले काही रेणू मुळातच चिवट असतात. निळा आणि हिरवा टिकतात त्याचं कारण बहुतेक वेळा थॅलोसायनीन, म्हणजे तांब्याभोवती बांधलेला, अतिशय पक्का पिगमेंट. लाल, गुलाबी आणि जांभळ्यात स्वस्त आणि झगझगीत डायची चलती आहे आणि तेच आधी जातात. जुनी शुक्रवारीतून आणलेला लाल पतंगाचा ताव गच्चीवर विसरला की काही दिवसांत कसा होतो, हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

आरपार रंगाला आणखी एक अडचण आहे. थर पातळ असतो आणि त्यात रंगद्रव्य कमी असतं. तोच पिगमेंट दाट मारला तर जेवढा टिकतो, तेवढा फिक्या छटेत टिकत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाच्या अपारदर्शक विमानावरचा लाल वर्षानुवर्षं टिकला, या भरवशावर आपण जाऊ नये.

मे महिन्यात गच्चीवर पट्ट्या लावल्या. पांढऱ्या कार्डावर डोप दिलेला टिश्यू, त्यावर एकेक रंग, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियम फॉइल. पाण्याच्या टाकीशेजारी दक्षिणेकडे तोंड करून. कापड उद्योगात रंगाचा पक्केपणा मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची मोजपट्टी वापरतात. वरची प्रत्येक पायरी खालचीपेक्षा साधारण दुपटीने टिकाऊ. माझ्याकडे ती लोकर नव्हती, पण फॉइल उचलून सीमारेषा दिसते का एवढं पाहिलं तरी पुरतं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपायच्या आधीच डायच्या लालवर रेषा उमटली. गुलाबीवर त्याहून आधी. निळ्यावर आज पावसाळा सरल्यावरही काही नाही.

त्याच पट्ट्यांवर अर्ध्या रुंदीत गाड्यांचं यूव्ही शोषणारं टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं, दोन भागांचं) मारलं होतं. जूनमध्ये मी मैदानावरच्या सगळ्यांना सांगत होतो की उपाय सापडला, क्लिअरखालचा लाल स्पष्टपणे गडद आहे. पाऊस ओसरल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा क्लिअरखालचाही उतरला होता, फक्त सावकाश. यात क्लिअरचा दोष नाही. डाय नुसत्या अतिनील किरणांनीच उडत नाही, तो जो दृश्य प्रकाश शोषतो त्यानेही उडतो, आणि दृश्य प्रकाश अडवला तर रंगच दिसणार नाही. म्हणून डायवर यूव्ही क्लिअर मारून पैसे घालवू नका, हे आता माझं ठाम मत आहे. पक्क्या पिगमेंटवर ते उपयोगी आहे, पण त्याचं वजन मोजा. शेपटीवर एक जास्तीचा हात म्हणजे तोल साधायला नाकात त्याच्या कितीतरी पट शिसं.

आणि टू-के बद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कोरोनाच्या वेळचा एन-95 मास्क घालून, कूलर लावलेल्या खोलीत ते फवारू नका. त्या मास्कमधून वाफ थेट आत जाते आणि एकदा फुफ्फुसांना त्याची अॅलर्जी बसली की आयुष्यभराचा दमा मागे लागू शकतो. गॅरेजवाल्याकडे जा, बूथमध्ये मारून घ्या.

गॅरेजवाल्यानेच गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला. काउंटरवरच्या माणसाला मी पंखाचा तुकडा दाखवला. त्याने तो उजेडात धरला आणि म्हणाला, “भाऊ, कँडी कायले घेता? उन्हात उडून जाते ते. टिकाऊ पाहिजे तर ऑक्साइड घ्या.” कँडी म्हणजे गाड्यांचे डायवाले आरपार रंग. संच विकणाऱ्या कंपनीने जे पत्रव्यवहारात कबूल केलं नाही, ते याने उभ्याउभ्या सांगितलं. त्याच्याकडे पारदर्शक आयर्न ऑक्साइडचे टिंटर (मिसळायचे घट्ट रंग) होते, लाल आणि पिवळा. कण इतके बारीक की प्रकाश विखुरत नाहीत, म्हणून थर आरपार दिसतो. हे रसायन म्हणजे आपला गेरूच. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर गेरू टिकतो, तसाच हाही टिकतो. शिवाय तो अतिनील किरणं स्वतः शोषतो, त्यामुळे खालचा टिश्यूही वाचतो. लाकडाच्या बाहेरच्या पॉलिशमध्ये तो यासाठीच वापरतात. गच्चीवरच्या पट्टीवर रेषेचा मागमूस नाही.

पण रंग विटेचा. उन्हासमोर धरला की मधासारखा सोनेरी-तांबडा दिसतो, सुंदर दिसतो, पण तो पुष्पकवर हवा असलेला लाल नाही. पिवळी पाईपर कब किंवा जुनं ग्लायडर करणार असाल तर शोध इथेच थांबवा. यापेक्षा स्वस्त आणि पक्कं काही नाही.

मला लाल हवाच होता. तो शेवटी सापडला चित्रकलेच्या सामानात. कलाकारांसाठीच्या चांगल्या अॅक्रिलिक शाईच्या बाटलीवर पिगमेंटचा कोड छापलेला असतो. मॉडेलच्या रंगांवर मला तो क्वचितच दिसला. पीव्ही 19, म्हणजे क्विनाक्रिडोन, गुलाबीकडे झुकणारा आणि पक्का. पीआर 179, पेरिलीन, गडद मरून, तोही पक्का आणि आरपार. पीआर 83 लिहिलेलं दिसलं तर बाटली खाली ठेवा, तो अलिझारिन आहे, उन्हात टिकत नाही. फ्लुओरेसंट काहीही घेऊ नका. नुसता पीव्ही 19 मारला तर पंख गुलाबी दिसतो. युक्ती अशी की आधी पीवाय 150, निकेल अॅझो पिवळा, त्याचा एक पातळ हात द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर पीव्ही 19. दोन्ही आरपार असल्यामुळे उजेड दोन्हींतून गाळून येतो आणि खणखणीत लाल दिसतो. एकाच बाटलीत मिसळण्यापेक्षा थरावर थर जास्त स्वच्छ दिसतो. पिवळ्याचा हात कमी-जास्त करून शेंदरीपासून डाळिंबीपर्यंत हवी ती छटा आणता येते. या महिन्यांतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

शाई पाण्यावरच्या पीयू (पॉलियुरेथेन) लाकूड-क्लिअरमध्ये मिसळली. टिश्यूला आधी डोपने बंद करून घ्या, नाहीतर पाण्याने तो सैल पडतो. बाटली जोरात हलवा, पिगमेंट तळाशी बसतो आणि एअरब्रशची नोझल तुंबवतो. डायला हा त्रास नव्हता, हे मान्य. पण ऑगस्टच्या दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढरं पडतं, कारण थिनर भर्रकन उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर हवेतलं बाष्प बसतं. पाण्यावरच्या रंगाला ती भानगड नाही, फक्त वाळायला वेळ लागतो. उलट मे महिन्यात रंग पंखापर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळून भुकटी बसते. तेव्हा पहाटे मारा किंवा मारूच नका.

डोप मिळत नाही म्हणून लकडगंजातून एनसी क्लिअर आणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दुकानदार सँडिंग सीलर पुढे करेल, तो आरपार कामाला घेऊ नका. घासायला सोपा जावा म्हणून त्यात घातलेल्या पदार्थाने थर धुरकट होतो. आणि नायट्रोसेल्युलोज स्वतः उन्हाने पिवळं पडतं. लालवर ते कळत नाही, पण निळा हिरवटपणाकडे झुकतो. म्हणून निळ्याखाली डोप कमीत कमी ठेवा, टिश्यूची छिद्रं बुजण्यापुरताच.

वजनाचं सांगायचं तर नव्या पद्धतीचा पंख डायवाल्या पंखापेक्षा किंचित जड आहे. उड्डाणात मला फरक जाणवला नाही. माझं विमान बॅटरीवर चालतं, त्यामुळे एरंडेल मिसळलेल्या इंधनाची चिकट आंघोळ त्याला होत नाही. तसल्या मिथेनॉलच्या इंधनावरचं ग्लो इंजिन वापरत असाल तर पाण्यावरचा थर मिथेनॉलसमोर टिकतो का, हे आधी एका तुकड्यावर पाहा.

सध्या उजवा पंख क्विनाक्रिडोनचा आणि डावा जुन्याच विटक्या लालचा आहे. उमरेड रोडच्या मैदानावर सगळे विचारतात, दोन पंख दोन रंगांचे का? डावा मी दिवाळीनंतर सोलणार आहे, हवा कोरडी झाली की. नव्या पंखावर स्पारजवळ मुद्दाम एक फॉइलची पट्टी चिकटवून ठेवली आहे आणि ती पुढचा मे संपेपर्यंत काढणार नाही. गच्चीवरच्या पीव्ही 19च्या पट्टीवर आजपर्यंत रेषा नाही. जुन्या संचातली निळी बाटली अर्धी आहे, ती वापरेन. लाल बाटली कोणाला खोलीत ठेवायच्या मॉडेलसाठी हवी असेल तर मैदानावर येऊन फुकट घेऊन जा, पण खिडकीजवळ ठेवायचं मॉडेल असेल तर नको.