एअर-कूल्ड पॉर्श ९११ मध्ये १५डब्ल्यू-५० सिंथेटिक इंजिन ऑइल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. ३.२ लिटरच्या जुन्या एअर-कूल्ड ९११ ला फॉस्फरस भरपूर असलेलं १५डब्ल्यू-५० (पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा तापल्यावरच्या) फुल सिंथेटिक चांगलं मानवलंय. गरम इंजिनावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशर सुधारलं, ऑइल पिणं थोडं कमी झालं आणि एका जागची गळती वाढली. गळतीबद्दल पुढे लिहितो, कारण तिच्यामुळेच बरेच जण सिंथेटिकला घाबरतात.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या डब्यातला माल दर काही वर्षांनी बदलतो, लेबल तेच राहतं. आज मी नाव सांगायचं, तुम्ही चार वर्षांनी तो डबा आणायचा आणि आत भलतंच काही असायचं. त्यापेक्षा डेटाशीटवर काय बघायचं ते सांगतो, ते जास्त टिकेल.

गाडी १९८४ ते ८९ मधली, म्हणजे कॅरेरा ३.२. इंजिनचा खालचा भाग कधी उघडलेला नाही, वरचे व्हॉल्व्ह गाइड्स (व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यात सरकतात त्या नळ्या) वयाप्रमाणे थोडे सैल आहेत. ३.२ ची ही जुनीच खोड. आधी वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-५० मिनरल चालत होतं. मग एका गॅरेजमध्ये सर्व्हिसला दिली असताना त्यांनी ५डब्ल्यू-३० भरून ठेवलं, का तर ते ‘एकदम लेटेस्ट’. नव्या वॉटर-कूल्ड इंजिनात ते लेटेस्ट असेलही. इथे मात्र गाडी पूर्ण तापली की आयडलला प्रेशरचा काटा अर्ध्या बारच्याही खाली जाऊन झोपायचा आणि सिग्नलला लाल दिवा लुकलुकायचा. तिथून हा सगळा अभ्यास सुरू झाला.

एअर-कूल्ड म्हटलं तरी हे इंजिन अर्धंअधिक ऑइल-कूल्डच असतं. पंख्याची हवा सिलिंडर आणि हेडच्या पंखांना थंड करते, पण पिस्टनची खालची बाजू, कॅम, बेअरिंग यांची उष्णता बाहेर काढायचं काम ऑइलचं. म्हणूनच ड्राय संप (इंजिनच्या तळाच्या संपमध्ये न साठवता ऑइल वेगळ्या टाकीत), उजव्या मागच्या मडगार्डमध्ये टाकी, इंजिनवर एक कूलर आणि पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा. ऑइल ८५ अंशांच्या आसपास गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि ते गाडीच्या पुढच्या टोकापर्यंत फिरून येतं. या सगळ्यात मिळून १३ लिटरच्या आसपास ऑइल मावतं.

यातली एक गोष्ट रिव्ह्यू लिहिणारे सहसा सांगत नाहीत. टाकीचा आणि संपचा, दोन्ही बोल्ट उघडले, इंजिन गरम असताना उघडले, तरी बाहेर येतं ते ९-१० लिटर. उरलेलं पुढच्या कूलरमध्ये आणि लांबलचक पाइपांत बसून राहतं. म्हणजे पहिल्या बदलानंतर तुम्ही जे चालवता त्यात जवळपास पाव हिस्सा जुनं ऑइल असतं. ‘नवीन ऑइल टाकलं आणि लगेच इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं’ असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो आणि विषय सोडून देतो. मी पहिला बदल धुवायचा म्हणून लवकर उरकला आणि दुसऱ्या बदलानंतरच निरीक्षणं धरली.

आता झिंकची भानगड. ९११ च्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) रॉकरचा पाय घासत चालतो, मध्ये रोलर नाही. गाडी बराच वेळ उभी राहून सुरू होते त्या पहिल्या क्षणी ऑइलचा थर पातळ असतो, आणि तेव्हा धातूला वाचवतो तो झेडडीडीपी, म्हणजे झिंक आणि फॉस्फरसवालं संयुग. २००४ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेची एसएम ही ऑइलची श्रेणी आली तेव्हा फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कारण जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. तेव्हापासून ‘नव्या ऑइलमध्ये झिंकच नाही’ ही आवई उठली ती आजतागायत चालू आहे. प्रत्यक्षात ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना होती. १५डब्ल्यू-५० आणि २०डब्ल्यू-५० त्यात कधी आलेच नाहीत. म्हणजे कुठलाही जाड ग्रेड डोळे झाकून घ्यावा असं नाही. मर्यादा नाही याचा अर्थ कंपनीनं फॉस्फरस घातलाच आहे असा होत नाही. डेटाशीट उघडायची आणि फॉस्फरस १००० पीपीएमच्या (०.१ टक्क्याच्या) वर आहे का ते बघायचं. मी १००० ते १३०० मधलं शोधलं. आकडाच दिला नसेल तर तो डबा परत फळीवर.

वरून ओतायच्या झिंकच्या बाटल्यांच्या वाटेला गेलो नाही. डिटर्जंट आणि झेडडीडीपी एकाच धातूच्या पृष्ठभागावर जागेसाठी भांडत असतात, आणि त्यांचं प्रमाण ऑइल बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. त्यात आपण हातानं भर घातली की तोल कुठे जाईल ते सांगता येत नाही. शिवाय झिंक जितकं जास्त तितकं बरं असंही नाही.

दुसरा बघायचा आकडा एचटीएचएस. १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना ऑइल किती जाड राहतं त्याचं हे माप. १५डब्ल्यू-५० ला किमान ३.७ लागतं, युरोपातल्या एसीईए ए३/बी४ या दर्जाला किमान ३.५. इंधन वाचवणारी बरीच ५डब्ल्यू-३० तीनच्या आसपास असतात. बेअरिंगमध्ये आणि पिस्टन रिंगच्या इथे काय शिल्लक राहील हे डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. माझ्या गाडीतलं ५डब्ल्यू-३० झिंक आणि जाडी या दोन्हीत मार खात होतं.

मग परत २०डब्ल्यू-५० वरच का नाही गेलो? गेलो असतो तरी काही बिघडलं नसतं. १०० अंशांना दोन्ही एकाच पट्ट्यात, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (जाडीचं एकक). फरक थंडीतला. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. गाडी कधीच गारठ्यात सुरू करायची नसेल तर चांगलं मिनरल २०डब्ल्यू-५० पुरेसं आहे आणि ते लवकर लवकर बदलायला हातही आखडत नाही. मला फरक जाणवला तो बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या स्टार्टला. १९८४ पासूनच्या ३.२ मध्ये टायमिंग चेनचे टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतात. मागून येणारा तो सुरुवातीचा खडखडाट आता काटा वर येताक्षणी थांबतो, पूर्वी थोडा रेंगाळायचा.

पॉर्शच्या स्वतःच्या क्लासिक ऑइलमध्ये २.७ लिटरपर्यंतच्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० आणि ३.० पासून पुढे १०डब्ल्यू-६० आहे. १०डब्ल्यू-६० मी विचारात घेतलं आणि सोडलं. इतका रुंद ग्रेड गाठायला व्हिस्कॉसिटी वाढवणारी पॉलिमर जास्त घालावी लागतात, आणि ती वापरात तुटत जातात. ट्रॅकवर तापवून पळवणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. माझं चालवणं तसं नाही.

आता काट्याबद्दल. या इंजिनाला ९० अंश ऑइलवर, ५००० आरपीएमला साधारण ४.५ बार अपेक्षित आहे. तिथे ग्रेड बदलून फारसा फरक दिसत नाही, कारण रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा प्रेशर सोडून देतो. खरा फरक दिसतो गरम आयडलला. घाटाची लांब चढण संपवून, पारा ११० च्या आसपास असताना, थांबून आयडलवर सोडली की काटा आता एक बारच्या किंचित वर राहतो. दिवा लागत नाही. म्हणून आणखी जाड घालावं का? अजिबात नाही. जाड ऑइल अडकून पडतं तेव्हाही प्रेशर वरच दिसतं, आणि बेअरिंगला हवा असतो तो प्रवाह.

गळती. नवीन ऑइल भरल्यावर काही आठवड्यांत डाव्या बाजूच्या एका रिटर्न ट्यूबखाली (हेडमधलं ऑइल खाली परत आणणारी नळी) ओल दिसायला लागली. ऑइल हीट एक्स्चेंजरवर (एक्झॉस्टच्या उष्णतेनं आतली हवा तापवणारा भाग) टपकतं, त्यामुळे हीटर लावला की आत जळक्या ऑइलचा वास. ‘सिंथेटिकनं सील खाल्लं’ असं लगेच ऐकवण्यात आलं. ट्यूब काढली तेव्हा ओ-रिंग बांगडीसारखी कडक झालेली, नखानं दाबली तर कड तुटून हातात आली. ती इतकी वर्षं स्वतःच्या बळावर धरून नव्हती, आजूबाजूला साचलेल्या काळ्या राबड्यानं भोक बुजवलं होतं. नव्या ऑइलच्या डिटर्जंटनं ते धुतलं एवढंच. मधोमध सरकून लहान होणाऱ्या ट्यूब मिळतात, त्या इंजिन न उघडता बसतात. तशी एक बसवली, विषय संपला. बाकीच्या ट्यूबही त्याच वयाच्या आहेत, त्यामुळे त्या कधीतरी रांगेत येणारच.

ऑइल पिण्याचं प्रमाण कमी झालंय, पण थोडंच. सैल व्हॉल्व्ह गाइडवर कुठल्याही डब्यात इलाज नाही. आणि पातळी बघण्याची पद्धत चुकली तर हे मोजमापही फसवं. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गरम, आयडलवर चालू, आणि मग डिपस्टिक. बंद गाडीत, थंड इंजिनावर बघितलं तर टाकीतलं ऑइल खाली संपमध्ये उतरलेलं असतं आणि पट्टी कोरडी दिसते. मग माणूस दोन लिटर ओततो. ते जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि मागे निळ्या धुराचा पडदा. मी बदलानंतर आधी ९ लिटर घालतो, फेरी मारून थर्मोस्टॅट उघडू देतो, आणि मग अर्धा-अर्धा लिटर वाढवत नेतो. कमाल खुणेला लावायच्या भानगडीत पडत नाही, मध्याच्या थोडं वर पुरतं.

दुसरा भरणा काढताना धार अर्धी वाहून गेल्यावर नमुना घेतला आणि तपासायला दिला. १०० अंशांना व्हिस्कॉसिटी १६.३ च्या वरच होती, म्हणजे ऑइल अजून ५० मध्येच होतं, घसरून ४० झालं नव्हतं. पेट्रोल मिसळलेलं नाही. लोखंड आणि शिसं दोन्ही काळजीचं कारण नाही, पण एका नमुन्यावरून बेअरिंगबद्दल काही बोलता येत नाही. पुढच्या दोन-तीन बदलांत शिशाचा कल कसा जातो ते बघायचंय. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलतोच, कारण उभ्या गाडीत ओलावा आणि आम्लं साठतात, किलोमीटर साठत नसले तरी.

९९३ (नंतरची, शेवटची एअर-कूल्ड ९११) वाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे व्हॉल्व्हना ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, आणि ऑइल जळून राहिलेल्या काजळीनं हेडमधली सेकंडरी एअरची (धूर स्वच्छ करायला सोडल्या जाणाऱ्या जादा हवेची) भोकं बुजतात. त्यामुळे तिथे ऑइल किती पितं हा प्रश्न ग्रेडच्याही आधी येतो.