ॲपवर भाड्याने दिलेली गाडी गहाण पडते तेव्हा

स्वतःची पांढऱ्या पाटीची मोटार ॲपवर नोंदवून अनोळखी ग्राहकाला तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने देणारे लोक आता सोलापुरातही कमी नाहीत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर या क्षेत्रांना जाणारे अनेक भाविक रेल्वेने सोलापूर स्थानकावर उतरतात, आणि कुटुंबासह एका दिवसात दोन ठिकाणांचे दर्शन उरकायचे असेल तर चालकाविना मिळणारी गाडी त्यांना सोयीची पडते. याच मागणीवर चालणाऱ्या एका ॲपमार्फत माझी गाडी गेली आणि ठरल्या वेळी परत आली नाही. त्यानंतर कायदा, विमा आणि त्या कंपनीच्या अटी यांविषयी जे कळले, ते गाडी नोंदवलेल्या किंवा नोंदवू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी कळावे म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे कंपनीचे, विमा कंपनीचे किंवा पोलीस ठाण्याचे नाव घेतलेले नाही.

मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. गाडी कर्जावर घेतलेली होती आणि कामाच्या दिवसांत ती जुळे सोलापूरच्या घरासमोर उभीच असे. कंपनीने स्थानकाजवळच्या एका हॉटेलात गाडीमालकांची बैठक घेतली होती, तेथे तिच्या प्रतिनिधीने तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या: प्रत्येक ग्राहकाचा परवाना आणि आधार तपासूनच गाडी दिली जाते, गाडीत कंपनीचे जीपीएस यंत्र बसते, आणि काही झालेच तर कंपनीची ‘संरक्षण योजना’ नुकसान भरून देते. खाजगी पाटीची गाडी भाड्याने देता येते का, असे मी सर्वांसमोर विचारले होते. उत्तर मिळाले, “सर, हे भाडं नाही, हे शेअरिंग आहे. शेअरिंगला परमिट लागत नाही.” हे उत्तर धादांत खोटे होते. बैठकीत दाखवलेल्या पडद्यावर ‘भाडे’ हा शब्द कोठेही नव्हता, मात्र ग्राहकाला जाणाऱ्या पावतीवर तो स्पष्ट छापलेला असतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका तरुणाने दोन दिवसांसाठी गाडी घेतली. ॲपवर मला त्याचे छायाचित्र, नाव आणि परवाना क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एवढेच दिसत होते, कारण ग्राहकाच्या खाजगीपणाचे कारण देऊन कंपनी पूर्ण क्रमांक मालकाला दाखवत नाही. गाडी ताब्यात देताना चारही बाजूंची छायाचित्रे, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाची पातळी ॲपवर चढवावी लागते, ती चढवली. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणे ही कंपनीचीच अट होती. तरुण अदबीने बोलत होता. “काका, परवा संध्याकाळी टाकी भरूनच आणतो,” असे म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ॲपवरूनच मुदत वाढवून घेतली, पैसे भरले, आणि मला विचारले न जाता ती वाढ आपोआप मंजूर झाली.

वाढीव मुदत संपण्याच्या आत नकाशावरचा ठिपका विजापूर रस्त्यावर शहराबाहेरच्या एका ढाब्यापाशी थांबला तो थांबलाच. कंपनीच्या मदतकक्षाकडून “ग्राहकाशी संपर्क साधत आहोत” एवढेच वाक्य फिरून फिरून येत राहिले, म्हणून भावाला घेऊन मी स्वतः तेथे गेलो. ढाब्यामागे तुरीच्या धसकटांत ते यंत्र पडलेले होते. त्याच्या दोन्ही तारा पक्कडीने एकाच जागी सरळ कापलेल्या होत्या; ओढून तोडल्याची खूण नव्हती. ते कोठे बसवलेले असते हे ज्याला नेमके माहीत आहे, त्याचेच ते काम होते. गाडी कोणत्या दिशेने गेली हे कळले ते मात्र यंत्रामुळे नव्हे, तर फास्टॅगमुळे. विजयपूरच्या (विजापूरच्या) दिशेच्या टोल नाक्यावर रक्कम कापल्याचा संदेश माझ्याच फोनवर आला होता. म्हणून सांगतो, गाडी गेली असे वाटले तर फास्टॅग घाईने बंद करू नका. शेवटचा माग बऱ्याचदा तोच असतो.

पोलीस ठाण्यात पहिली अडचण वेगळीच निघाली. तेथील हवालदार समजुतीने बोलले, पण त्यांचे म्हणणे असे, “चावी तुम्हीच दिली, पैसेबी घेतले. ह्याला चोरी कसं म्हणायचं, सर? करार मोडला म्हणून कोर्टात जावा की.” हे अर्धेच खरे आहे. ताब्यात दिलेली वस्तू अप्रामाणिकपणे परस्पर विल्हेवाटीस लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात ठरतो, आणि मुळातच खोट्या ओळखीवर वस्तू मिळवली असेल तर कलम ३१८ ची फसवणूक होते. या दोन्ही कलमांचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, सोबत टोलचा संदेश आणि ॲपवरचा सगळा संवाद छापून जोडला, तेव्हा गुन्हा नोंद झाला. ठाण्यात नोंद होत नसेल तर तक्रारीचा मजकूर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठवण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

तपासात निघाले ते असे. परवान्यावरचा क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा होता, ज्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यावर छायाचित्र तेवढे या तरुणाचे चिकटवलेले होते. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परवान्याची नोंद तपासता येते. ती पडताळणी कंपनीने केली नव्हती आणि मला करता येऊ नये म्हणून क्रमांकही झाकून ठेवला होता. गाडी सीमेपलीकडच्या एका गावात व्याजाने पैसे देणाऱ्या इसमाच्या आवारात सापडली. दीड लाखाला ती गहाण टाकलेली होती. नोटरी केलेल्या कागदाला माझ्या नोंदणी प्रमाणपत्राची तीच डॅशबोर्डातली प्रत जोडलेली होती, आणि माझ्या नावासमोर कोणीतरी माझी सही ठोकून दिली होती. प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाची नोंद ठळक असताना त्या सावकाराने गाडी ठेवून घेतली, यावरून असा व्यवहार त्याला नवा नसावा असे माझे मत आहे.

जप्त झालेली गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात कुजू देण्याचे कारण नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत आणि योग्य बंधपत्र घेऊन ती सोडावीत. वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून गाडी सुपुर्दनाम्यावर (न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) मिळाली. पुढचा बंपर फुटलेला, गिअरबॉक्स आवाज करणारा आणि मागच्या आसनाचे कापड फाटलेले अशा अवस्थेत ती आली.

आणि येथून खरी फसवणूक उघड झाली. विमा कंपनीने दावा नाकारला. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा सांगणारे एक कलम असते. भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. यंत्राच्या तारा कापल्या गेल्या, गाडी गहाण पडली, या कशालाच विम्याच्या दृष्टीने महत्त्व उरले नाही, कारण गाडी मुळात भाड्याने गेली होती. मग ‘संरक्षण योजना’ पुढे केली, तर तिच्या अटींत असे निघाले की ती विमा नाही, कंपनीच्या मर्जीने दिली जाणारी भरपाई आहे, आणि ग्राहकाने हेतुपुरस्सर परत न केलेली गाडी तिच्यात बसत नाही. गाडी परत न येणे ही ज्या धंद्यातली सर्वांत मोठी भीती, नेमकी तीच या योजनेतून वगळलेली होती. याहून गंभीर गोष्ट वकिलांनी दाखवली. त्या काळात गाडीखाली कोणी सापडले असते, तर नोंदणीकृत मालक म्हणून दाव्यात माझे नाव आले असते, आणि पॉलिसीच्या अटींचा भंग झालेला असताना मोटार अपघात न्यायाधिकरणे अनेकदा विमा कंपनीला पीडितास रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करायला सांगतात.

त्या बैठकीतल्या उत्तराकडे आता कायद्याच्या बाजूने पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे परमिटाशिवाय वाहन भाड्याने वापरता येत नाही, आणि कलम १९२ अ खाली त्याला १० हजार रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाविना गाड्या भाड्याने देण्यासाठी केंद्राची १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. तिच्यात परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात, आणि अशा गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. एका गाडीच्या मालकाला या योजनेत जागाच नाही. शेअरिंग म्हटल्याने परमिट लागत नाही, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

मग अशा कंपनीवर बंधन का नाही? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘ॲग्रीगेटर’ची व्याख्या आली आणि कलम ९३ खाली त्याला परवाना घेणे आवश्यक झाले. पण ती व्याख्या प्रवाशाची चालकाशी गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाची आहे. चालक नसलेली, नुसती गाडी देणारी ॲप्स त्या व्याख्येच्या शब्दांबाहेर राहतात. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत खाजगी गाडीतून सहप्रवासी नेण्यालाही मर्यादा घातलेली होती, शहरात दिवसाला चार फेऱ्या आणि शहराबाहेर आठवड्याला दोन. म्हणजे मी स्वतः गाडी चालवून शेजाऱ्याला ॲपवरून पंढरपूरला नेले तर त्याचा विचार नियमांत आहे, पण संपूर्ण गाडी अनोळखी माणसाच्या हाती देणाऱ्या व्यवस्थेचा नाही. ही फट शासनाने बुजवली पाहिजे, आणि परवान्याची सारथीवर पडताळणी व भाड्याच्या काळाचा खरा विमा या दोन अटी तरी त्या ॲपवर घातल्या पाहिजेत, असे निवेदन मी राज्याच्या परिवहन आयुक्तांकडे दिले आहे.

कंपनीचे लेखी उत्तर एका ओळीचे होते: आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, करार मालक आणि ग्राहक यांच्यात आहे. यावर माझा सर्वांत तीव्र आक्षेप आहे. भाडे तिच्या सूत्राने ठरत होते, ग्राहक ती निवडत होती, मुदत ती वाढवत होती, पैसे तिच्या खात्यात येऊन त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कापून मला मिळत होते. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. २० डिसेंबर २०१७ रोजी उबरच्या बाबतीत त्याने ठरवले की सेवेच्या अटींवर ज्याचा निर्णायक प्रभाव आहे तो नुसता मध्यस्थ नसून वाहतूक सेवाच देतो. उलट १९ डिसेंबर २०१९ रोजी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीला मात्र त्याने केवळ गाठ घालून देणारी ऑनलाइन माहिती सेवा मानले, आणि घराचे भाडे ती कंपनी ठरवत नाही ही त्यामागची एक बाजू होती. ते निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण ही कसोटी न्याय्य आहे. ज्याच्या हाती व्यवहाराची दोरी, त्याच्यावर जबाबदारी.

हेच म्हणणे मी जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडले आहे. कंपनीच्या अटींत लवादाचे (तंटा न्यायालयाबाहेर नेमलेल्या पंचाकडे नेण्याचे) आणि दूरच्या महानगरातील न्यायालयाचे कलम आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिणे हिताचे, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निराकरण द्यायचे असते; त्याने ते केले नाही, हाच पुढे पुरावा होतो. मी ग्राहक नसून व्यापारी हेतूने सेवा घेणारा आहे, असा कंपनीचा बचाव आहे, आणि त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

ज्यांच्या गाड्या सध्या अशा ॲपवर आहेत त्यांनी दोन पत्रे आजच लिहावीत: विमा कंपनीला, या वापरात पॉलिसी लागू राहते का असे विचारणारे, आणि ॲपच्या कंपनीला, माझी गाडी कोणत्या परमिटावर भाड्याने दिली जात आहे असे विचारणारे. तोंडी उत्तर घेऊ नये. आणि गाडी गेलीच, तर तक्रारीसोबत ग्राहकाच्या खात्याची माहिती जपून ठेवण्याची मागणी लगेच करावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे खाते बंद झाल्यानंतर मध्यस्थाने नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची असते, त्यानंतर ती मिळेलच असे नाही. माझ्या अर्जावरून तपास अधिकाऱ्यांनी नोटीस मुदतीत पाठवली, म्हणूनच बनावट परवान्याचे मूळ छायाचित्र आणि खाते ज्या मोबाईल क्रमांकावरून उघडले तो क्रमांक आज दोषारोपपत्राच्या कागदांत आहे.