अंडं मुरवायचं कसं: आचेवर की फ्रिजमध्ये?

अंड्याचा रस्सा कितीही झणझणीत झाला, तरी ताटात अंडं फोडलं की आत पांढरं ते पांढरंच, फिकं. टोचे मारा, चिरा द्या, फार फरक पडत नाही. मुळात ते रश्श्यात असतंच जेमतेम दहा मिनिटं. चीन, तैवान आणि जपानकडची सोया सॉसमधली अंडी मात्र आतपर्यंत खारट-गोड लागतात. तिथले तीन प्रकार मी आलटूनपालटून करत आले आहे. त्यातला कोणता करावा, असा प्रश्न असेल तर माझं मत हे असं.

छायेदान म्हणजे चहातली अंडी. अंडी कवचासकट उकडायची, चमच्याच्या पाठीने सगळीकडून टिचवायची आणि काळा चहा, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, सिचुआन मिरी यांच्या पाण्यात मंद शिजवून तशीच ठेवायची. तड्यांमधून रंग झिरपतो आणि सोलल्यावर अंड्यावर संगमरवरासारखी नक्षी उमटलेली दिसते. तैवानमध्ये चोवीस तास उघड्या दुकानांत गल्ल्याशेजारी विजेच्या भांड्यात ही अंडी वाफाळत असतात. सिचुआन मिरी नसेल तर कोकणातली तिरफळं घाला, बिया काढून. दोन्ही एकाच घराण्यातली आहेत, जिभेवरची ती चुणचुणही तीच. पण खरं सांगायचं तर हा प्रकार दिसायला देखणा आणि चवीला सौम्य. कवच मध्ये येतं ना!

लूदान हा खरा मसाल्यात शिजवलेला प्रकार. यात अंडी सोलून सोया सॉस, साखर, आलं आणि खड्या मसाल्यांच्या पाण्यात सोडतात. गोंधळ होतो तो इथे. जास्त शिजवलं की जास्त मुरेल, असं आपल्याला मटणावरून वाटतं. पहिल्या खेपेला मी तासभर रटरटा उकळलं. रंग सुरेख आला, पण सुरी लावली तर अंडं तिच्याखालून सटकलं आणि थेट ओट्याखाली गेलं. अंड्याचा पांढरा भाग ६० अंशांच्या पुढे धरू लागतो आणि ८० च्या आसपास पक्का घट्ट होतो. त्यापुढची आच त्याला फक्त आवळत जाते आणि आतलं पाणी बाहेर पिळते. बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं तेही याच जास्तीच्या आचेने. तैवानमधल्या तामसुईची ‘लोखंडी अंडी’ तर मुद्दाम अशीच करतात. पुन्हा पुन्हा शिजवून वाळवतात, मग ती आक्रसून काळी आणि चिवट होतात. ती आवडणारे आहेत. आपल्याला मऊ हवं असेल, तर आठ मिनिटं उकडलेली अंडी सोलून मंद आचेवर दहाच मिनिटं ठेवायची, पाण्याला नुसती थरथर हवी. मग गॅस बंद. निवलं की रात्रभर फ्रिजमध्ये. चव मुरते ती या रात्रीत.

जपानी आजितामा तर आच जवळजवळ वगळतोच. फ्रिजमधली थंड अंडी उकळत्या पाण्यात सात मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, सोलायची आणि गार मिश्रणात बुडवायची. मूळ मिश्रणात मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोडसर जपानी दारू, असते. मी सहा अंड्यांना अर्धी वाटी सोया सॉस, एक वाटी पाणी, दोन चमचे साखर आणि आल्याच्या चकत्या घेते. अंडी तरंगतात, म्हणून वर कागदी रुमाल पसरायचा. तो मिश्रण शोषून घेतो आणि वरची बाजूही भिजत राहते. चार तासांनी कापलं तर तपकिरी कड जेमतेम दोऱ्याएवढी दिसते. रात्रभराने ती चांगली आत शिरते आणि बलक काकवीसारखा दाट होतो. दोन दिवस ठेवलं तर मात्र मीठच मीठ. कापायला सुरी नको, ताणलेला दोरा घ्या, बलक फासला जात नाही.

घरी दोघंच असाल आणि गरम भातावर काहीतरी खास हवं असेल, तर डोळे मिटून आजितामा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं जेवायला असतील तर कच्चट बलक नको, तिथे लूदानच. छायेदान पाहुण्यांसाठी किंवा प्रवासाच्या डब्यासाठी, कवचासकट नेता येतात.

अंडी कोणतीही चालतील, फक्त अगदी ताजी नकोत. गावाहून कालच आलेली गावरान अंडी सोलताना निम्मं अंडं सालीला चिकटून जातं. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली सटासट सुटतात. सोया सॉस मात्र बघून घ्या. डार्क लिहिलेल्या बाटलीत रंगच जास्त असतो, म्हणून दोन चमच्यांच्या वर तो घालू नका आणि बाकी साधा घ्या.

लूदानचं उरलेलं पाणी ओतून देऊ नका. गाळून, उकळून, गार करून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी त्यात थोडा सोया आणि थोडं पाणी वाढवायचं. चिनी स्वयंपाकघरांत हे पाणी विरजणासारखं जपतात. माझं सध्या चौथ्या खेपेला आहे, आणि गेल्या रविवारी त्यात अंड्यांबरोबर पनीरही टाकून पाहिलं.